हिरव्या कापडाला हात

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी शेवग्याच्या शेंगा सोलत बसले होते. सिस्टर, तुम्ही इतकी वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढलीत, काहीतरी थरारक लिहा, असं त्यांचं म्हणणं. मला हसूच आलं. माझा थिएटरमधला निम्मा वेळ कापडं मोजण्यात गेला. उरलेला भूल देणारे डॉक्टर आत्ता कुठल्या पेठेत सापडतील याचा अंदाज बांधण्यात आणि टेबलावर झोपलेल्या माणसांच्या मुठी उघडून बघण्यात गेला.

मुठींचं खरंच सांगते. टेबलावर येताना माणसाच्या अंगावर काही ठेवायचं नाही असा नियम. मग लोक मुठीत लपवून आणायचे. कुणाच्या मुठीत जोतिबाचा गुलाल, कुणाच्या मुठीत दर्ग्यातला धागा. कागलहून आलेल्या एका आजींच्या मुठीत किल्ली निघाली. विचारलं तर म्हणाल्या, तुपाच्या कपाटाची हाय, मी बेशुद्ध असताना सुनेनं उघडलं तर. ती किल्ली मी त्यांच्यादेखत गाऊनच्या आतल्या कपड्याला पिनेनं अडकवली, तेव्हा कुठं त्यांनी भूल घेतली.

असले किस्से सांगायला बसले तर अंक पुरायचा नाही. पण संपादकांना हवं तसं थरारक एकदाच घडलं. ते सांगायचं तर मला माझी स्वतःची एक चूक सांगावी लागेल, आणि ती मी बारा-तेरा वर्षं कुणालाही सांगितली नव्हती. एका पोराचा चांगला पाय त्या चुकीपायी जाता जाता राहिला. राहिला तो माझ्यामुळं नाही, पण शाबासकी मात्र मलाच मिळाली.

मी मूळची जयसिंगपूरची. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. नर्सिंगचा कोर्स करून कोल्हापुरात आले आणि एका तीस खाटांच्या खाजगी हॉस्पिटलात लागले, ती निवृत्तीपर्यंत तिथंच. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. तिथले मोठे डॉक्टर अजून कोल्हापुरातच असतात, दिवाळी अंक वाचतात आणि चुका काढून फोन करतात. तर त्यांना आपण मोठे डॉक्टरच म्हणू. हाडांचे सर्जन. हात देवाचा, तोंड मात्र तिखट. ऑपरेशन सुरू असताना कुणी शिंकलं तरी त्यांना चालायचं नाही.

भूल देणारे डॉक्टर आमच्या एकट्याचे नव्हते. स्कूटरवर भुलीची पेटी बांधून ते शहरातल्या पाच-सहा हॉस्पिटलांत फिरायचे. तेव्हा मोबाईल नव्हते. त्यांना गाठायचं म्हणजे मला त्यांचा दिवस पाठ असावा लागायचा. दहाला ते बाळंतपणाच्या दवाखान्यात, साडेअकराला डोळ्यांच्या, मधल्या वेळात हमखास एका मिसळीच्या दुकानात. त्या दुकानाचा नंबर आमच्या थिएटरच्या भिंतीवर ऑक्सिजनवाल्याच्या नंबरच्या वर लिहिलेला होता. माणूस गोड, कायम घाईत, आणि कुणाशी वाद घालायला मात्र सदा तयार.

आणि शेवंतामावशी. गडमुडशिंगीहून रोज सकाळी पहिल्या एसटीनं यायच्या. कागदोपत्री आया. फरशी पुसायची, बादल्या ओतायच्या, कापडांचे ड्रम उचलायचे, रुग्णाला आत आणायचं आणि उरलेला वेळ भिंतीला पाठ लावून गप्प उभं राहायचं. नवरा लवकर गेलेला, दोन एकर रान दिराकडं, आणि आवाज असा की वॉर्डात बोलल्या तर फाटकावर ऐकू जावं. आमच्याकडच्या खेड्यातल्या बायका स्वतःबद्दल बोलताना मी आलो, मी गेलो असंच म्हणतात. मावशीही तशाच बोलायच्या. थिएटरमध्ये मात्र त्यांनी बोलायचं नाही असा नियम होता. नियम मोठ्या डॉक्टरांचा, पण तो पाळून घ्यायचं काम माझं.

आता बाहेरच्या माणसासाठी थिएटरचं एक गणित सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ऑपरेशनच्या वेळी आत दोन जातीची माणसं असतात. काही जण दहा मिनिटं हात घासून, वाफेवर शिजवलेले गाऊन आणि हातमोजे घालून उभे असतात. ती निर्जंतुक माणसं. त्यांनी फक्त निर्जंतुक वस्तूला हात लावायचा. बाकीच्यांनी त्यांच्यापासून, त्यांच्या ट्रेपासून आणि रुग्णावर पसरलेल्या हिरव्या कापडांपासून हातभर लांब राहायचं. एका अर्थी ते सोवळंच, पण या सोवळ्याला सूक्ष्मदर्शकाचा पुरावा आहे. बाहेरच्या माणसाचा नुसता पदर जरी हिरव्या कापडाला लागला, तरी सगळं बाद. कापडं काढा, शिजवलेल्या कापडांचा नवा ड्रम उघडा, गाऊन बदला, पुन्हा हात घासा. अर्धा तास जातो. म्हणून हिरव्या कापडाला हात लागणं हे आमच्याकडं सर्वांत मोठं पाप. माझ्या सगळ्या नोकरीत ते कुणी मुद्दाम केल्याचं मी एकदाच पाहिलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बाळू नावाचा पोरगा आमच्याकडं दाखल झाला. उद्यमनगरात लेथवर काम करायचा, पण ती त्याची ओळख नव्हती. तो एका पेठेच्या तालमीच्या संघातून फुटबॉल खेळायचा आणि डावखुरा होता. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून समजत नाही. दोन पेठांची मॅच असली की निम्मं शहर मैदानावर आणि उरलेलं शहर रेडिओ नसतानाही स्कोअर सांगत असतं. बाळूच्या डाव्या पायाची किक म्हणजे तालमीची इस्टेट. त्याचा उजवा गुडघा दुखावला होता. गुडघ्यातली कूर्चा फाटली होती. दोन महिने विश्रांती झाल्यामुळं सूज उतरलेली, आणि बाहेरून बघितलं तर दोन्ही गुडघे सारखेच दिसत होते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवसापासून तालमीचे दहा-बारा जण फाटकासमोर बसून होते. त्यांचे वस्ताद पांढरा फेटा बांधून, काठी गुडघ्यांमध्ये धरून मधोमध. मी आत जाताना त्यांनी मला विचारलं, "सिस्टर, पोरगं पुढच्या सीजनला खेळंल न्हवं?" मी म्हटलं, डॉक्टर आहेत, काळजी करू नका. त्यांनी मान हलवली आणि काठी जमिनीवर एकदा आपटली. ती कशासाठी आपटली ते मला अजून कळलेलं नाही.

ऑपरेशनच्या आधी त्या भागावरचे केस काढायचे असतात. आमच्याकडं हे काम बापू करायचे. हॉस्पिटलच्या बाजूच्या गल्लीत त्यांचं केशकर्तनालय होतं. वॉर्डातून निरोप गेला की ते आपली पेटी घेऊन यायचे. अपेंडिक्स, हर्निया, बाळंतपण, यात सगळ्या पोटाचेच केस काढायचे असल्यामुळं डावं-उजवं असा प्रश्नच यायचा नाही. हाड मोडलेलं असेल तर प्लॅस्टर दिसायचं. बाळूच्या पायाला प्लॅस्टरही नव्हतं आणि सूजही नव्हती. बापूंनी विचारलं, कुठला पाय. बाळू म्हणाला, उजवा. बापूंनी एका पायावरून मांडीपासून पोटरीपर्यंत सुरेख वस्तरा फिरवला, पावडर लावली आणि ते निघून गेले.

मग ती साखळी सुरू झाली. वॉर्डातल्या ब्रदरनं, म्हणजे पुरुष नर्सनं, केस काढलेला पाय बघितला आणि त्यावर पट्टी गुंडाळून पाठवलं. असिस्टंट डॉक्टरांनी पट्टीचा पाय बघितला आणि त्याच मांडीला रक्त थांबवायचा रबरी पट्टा बांधला, त्याच पायाला आयोडीन लावलं. मी त्या पायाभोवती हिरवी कापडं पसरली. भिंतीवरच्या यादीत माझ्याच अक्षरात उजवा गुडघा असं लिहिलेलं होतं. पण गुळगुळीत, पिवळाधमक, तयार असलेला पाय समोर असताना यादी कोण वाचतो? प्रत्येकानं आपल्या आधीच्या माणसावर विश्वास ठेवला. याला आम्ही तेव्हा टीमवर्क म्हणत होतो.

तो पाय डावा होता.

भूल चढली होती. मोठे डॉक्टर हात घासून येत होते. भूल देणारे डॉक्टर नळी चिकटवत होते आणि घड्याळाकडं बघत होते, कारण साडेअकराला त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात पोहोचायचं होतं. तेवढ्यात भिंतीजवळून मावशी माझ्यामागं हातभर अंतरावर आल्या आणि म्हणाल्या, "बाई, ह्यो पाय न्हवं."

मी मान न वळवता म्हटलं, "मावशी, थिएटरमध्ये बोलायचं नाही."

हे माझं वाक्य. मी ते रागानं म्हटलं नाही, नेहमीच्या सवयीनं म्हटलं. पण म्हटलं. मावशी मागं सरकल्या आणि पुन्हा भिंतीला टेकल्या. त्या काय म्हणाल्या ते माझ्या कानावर पडलं होतं, डोक्यात शिरलं नव्हतं असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. ते खरं नाही. थोडंसं शिरलं होतं. पण समोर ट्रे लावायचा होता, मोठे डॉक्टर दारात होते आणि सांगणारी बाई बादल्या ओतणारी होती. तीन कारणं आहेत, आणि तिसरं लिहिताना अजून हात अडखळतो.

मोठे डॉक्टर टेबलापाशी आले. हात पुढं केला. मी हातात सुरी ठेवली. आणि त्याच क्षणी शेवंतामावशी सरळ चालत आल्या आणि त्यांनी आपला ओला, फिनेलचा वास येणारा पंजा हिरव्या कापडाच्या मधोमध, त्या पिवळ्या गुडघ्यावर ठेवला. लागला नाही, ठेवला. आणि तिथंच धरून ठेवला.

मोठे डॉक्टर ओरडले ते इथं छापता येणार नाही. सारांश असा की या बाईला आत कुणी घेतलं आणि आजच्या आज बाहेर काढा. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी घड्याळाकडं बघून डोळे मिटले. सुरी ट्रेवर परत गेली. सगळं बाद झालं होतं. आता नवा ड्रम उघडून, हात घासून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केल्याशिवाय कुणाला काही करता येणार नव्हतं.

मावशी सगळं शांतपणे ऐकून घेत होत्या. मोठ्या डॉक्टरांचा दम संपला तेव्हा त्या म्हणाल्या, "थांबलं न्हवं समदं? मग आता बोलू का?"

आणि गुडघ्यावरचा हात न काढता त्या सांगू लागल्या.

"लाइट न्हवती म्हणून लिफ्ट बंद हुती. ह्याला मी जिन्यानं चढवून आणलाय. माझ्या खांद्यावर हात टाकून चढला. समदा भार ह्या पायावर देत हुता, त्यो दुसरा पाय पायरीला टेकवत न्हवता. दुखतोय त्यो पाय त्यो हाय. ह्यो न्हवं."

मोठ्या डॉक्टरांनी स्वतः कापड बाजूला केलं. भिंतीवरची यादी वाचली. मग दुसरा पाय उघडा केला, गुडघा वाकवला, फिरवला, मांडीला हात लावून बघितला. ती मांडी दुसरीपेक्षा बोटभर बारीक झालेली होती. वापर नसला की स्नायू उतरतो, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही दिसलं असतं, पण कापडाखाली झाकल्यावर कुणाला काय दिसणार? त्यांचा चेहरा मास्कमुळं अर्धाच दिसत होता. तेवढाही पांढरा पडला होता. फाटकासमोर तालीम बसली होती ते त्यांनाही माहीत होतं. पण मला वाटतं ते त्या क्षणी तालमीला घाबरले नव्हते. या हातांनी आपण काय करणार होतो, ते बघून घाबरले होते.

मग ते अगदी हळू आवाजात म्हणाले, सिस्टर, दुसरा ड्रम उघडा. आणि बापूंना बोलवा.

बापू गिऱ्हाइकाच्या एका गालाचा फेस तसाच ठेवून धावत आले. टोपी, मास्क घालून त्यांना आत घेतलं. वस्तरा हातातून दोनदा निसटला, तेव्हा भूल देणारे डॉक्टर म्हणाले, बापू, आता तुम्हालाच थोडी भूल देतो. शेवटी असिस्टंट डॉक्टरांनीच त्या पायाचे केस काढले. तिकडं अर्धवट दाढीचं गिऱ्हाईक टॉवेल गळ्यात घालून हॉस्पिटलच्या फाटकाशी येऊन उभं राहिलं. तालमीच्या पोरांना वाटलं, आत काहीतरी भयंकर चाललंय, माणसं अशी पळून येतायत. वस्तादांनी त्याला बसवून चहा पाजला म्हणे.

ऑपरेशन उत्तम झालं. उजव्या गुडघ्याचं.

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर स्वतः बाळूच्या खाटेपाशी गेले आणि त्यांनी जे घडणार होतं ते त्याला आणि वस्तादांना सरळ सांगितलं. मी बरोबर होते. बाळू आपल्या दोन्ही गुळगुळीत पायांकडं बघत होता. डॉक्टरांनी विचारलं, अरे, आपला चांगला पाय भादरतायत हे बघून तू बोलला कसा नाहीस?

बाळू म्हणाला, "मला वाटलं, ह्या चांगल्या पायातलं कायतरी काढून त्या पायात बसवणार. म्हटलं डॉक्टरास्नी काय शिकवायचं."

वस्तादांनी विचारलं की थांबवलं कुणी. डॉक्टरांनी सांगितलं. वस्ताद उठले, जिना चढून वर गेले आणि बादली घेऊन चाललेल्या शेवंतामावशींना त्यांनी वाकून नमस्कार केला. मावशींच्या हातातली बादली हिंदकळून त्यांचं धोतर भिजलं. पावणं, जरा बाजूनं, असं मावशी म्हणाल्या आणि पुढं गेल्या.

हॉस्पिटलच्या मॅनेजरना वाटत होतं की बापूंना काढून टाकलं म्हणजे प्रकरण मिटलं. मोठ्या डॉक्टरांनी मात्र सगळ्यांना वॉर्डात गोळा केलं, रिकाम्या खाटेवर ब्रदरला झोपवलं आणि बापूंना म्हणाले, कसे उभे राहिला होता ते दाखवा. बापू पायथ्याशी उभे राहिले. डॉक्टर म्हणाले, याचा उजवा पाय दाखवा. बापूंनी आपल्या उजव्या हाताकडचा पाय दाखवला. तो ब्रदरचा डावा होता.

बापूंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, चाळीस वर्षं झाली सायेब, गिऱ्हाइकाच्या पाठीमागं उभा राहून काम करतोय. त्याचा उजवा त्योच माझा उजवा. आरशात बघितलं तरी तसंच दिसतं. माणसाच्या तोंडासमोर उभं राहून कधी काम केलंय मी?

सगळे हसले. बापूही डोळे पुसत हसले. आणि मग डॉक्टर म्हणाले, बापूंच्या चुकीला निदान कारण आहे. आपल्याला काय कारण आहे? त्यांनी प्रत्येकाकडं बघितलं. ब्रदर म्हणाला, मी विचारलं नाही. असिस्टंट म्हणाले, मी बघितलं नाही. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवसांपूर्वी तपासला होता, पण कालच्या दिवशी टेबलावर येण्याआधी मी स्वतः त्याचा पाय हातात घेतला नाही. माझी पाळी आली. मी म्हणाले, मी यादी वाचली नाही.

ते खरं होतं. पूर्ण खरं नव्हतं. मावशी कोपऱ्यात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. त्यांनीही तोंड उघडलं नाही. आणि शेवटी मोठे डॉक्टर म्हणाले, काही असो, सिस्टरनी आपल्या मावशींना चांगलं तयार केलंय. सगळ्यांनी माझ्याकडं कौतुकानं बघितलं. मी खाली बघितलं. लोकांना तो माझा विनय वाटला.

त्या दिवसापासून आमच्याकडं एक रीत सुरू झाली. भूल देण्याआधी रुग्णानं स्वतः सांगायचं, कुठल्या अंगाचं काय. आणि सुरी हातात घेण्याआधी प्रत्येकानं एकामागून एक मोठ्यानं तेच सांगायचं. सुरुवात शेवंतामावशींपासून. त्या बोलल्याशिवाय मी सुरी द्यायची नाही. बापूंनीही आपली रीत बदलली. ते रुग्णाच्या उशाशी उभे राहून, त्याच्याच दिशेला तोंड करून, एक हात वर करून विचारायचे, ह्यो का? मग तिथून हात न काढता वाकत वाकत पायाकडं जायचे. बघणाऱ्याला वाटायचं, कसलातरी विधी चाललाय.

मावशींनी ती जबाबदारी जरा जास्तच मनावर घेतली. अपेंडिक्स असलं तरी विचारायच्या, कुठल्या अंगाचं. अपेंडिक्स एकाच अंगाला असतं हे त्यांना मी सांगितलं, तर म्हणाल्या, असंल, पर सांगायला काय जातंय. सिझेरियनच्या वेळी टेबलावरच्या बाईला त्यांनी गंभीरपणे विचारलं, काय काढायचं हाय? ती बाई कळा विसरून हसायला लागली. बाहेरून आलेल्या एका सर्जननी हा पोरखेळ आहे असं म्हणून नुसताच हात पुढं केला. मी सुरी दिली नाही. मावशी भिंतीपासून एक पाऊल पुढं आल्या आणि त्यांनी हिरव्या कापडाकडं नुसतं बघितलं. सर्जन घाईघाईनं म्हणाले, डावा खांदा, डावा खांदा.

बाळू पुढच्या सीझनला अर्धा खेळला, त्याच्या पुढच्या सीझनला पूर्ण. पहिला गोल मारला त्या संध्याकाळी गुलालानं माखलेला तसाच पेढे घेऊन हॉस्पिटलात आला. त्यानं पहिला पेढा मावशींना दिला, दुसरा मला. मी तो हातातच धरून राहिले. मावशी मला म्हणाल्या, खावा की बाई, ग्वाड हाय. त्यांच्या डोळ्यांत काही टोमणा आहे का ते मी शोधलं. काही नव्हतं. त्यानं तर मला आणखीच वाईट वाटलं.

वर्षं गेली. नव्या शतकात मोबाईल आले, मिसळीच्या दुकानाचा नंबर भिंतीवरून पुसला गेला आणि हॉस्पिटलला मानांकन मिळवायची हुक्की आली. पुण्याहून एक तरुण अधिकारी आले. जाडजूड फॉर्म, गळ्यात ओळखपत्र. मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत आम्ही सगळे बसलो होतो. ते एकेक रकाना वाचायचे, आम्ही सांगायचो, ते लिहायचे. एका रकान्यापाशी त्यांनी विचारलं, काही चुकतंय असं वाटलं तर तुमच्याकडं ऑपरेशन थांबवायचा अधिकार कुणाला आहे? पदनाम सांगा.

मोठे डॉक्टर आणि भूल देणारे डॉक्टर एकदमच म्हणाले, "शेवंतामावशी."

अधिकाऱ्यांना वाटलं, या कुणी डॉक्टरबाई असतील. तेवढ्यात मावशी चहाचा ट्रे घेऊन आत आल्या. केस पूर्ण पांढरे झाले होते, निवृत्तीला दोन महिने उरले होते. मोठ्या डॉक्टरांनी अधिकाऱ्यांना सगळी हकिगत रंगवून सांगितली. बापू, आरसा, वस्तादांचं धोतर, सगळं. आणि शेवटी म्हणाले, याचं श्रेय आमच्या सिस्टरना. त्यांनी खालच्या माणसालासुद्धा बोलायची मोकळीक दिली होती.

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी म्हणाले, डॉक्टर, हे खोटं आहे. मावशींनी मला आधी सांगितलं होतं. ह्यो पाय न्हवं, असं स्पष्ट म्हणाल्या होत्या. आणि मी त्यांना गप्प बसवलं. मी ऐकलं असतं तर त्यांना कापडाला हात लावावा लागला नसता. तुमचं ओरडणं त्यांनी माझ्यामुळं खाल्लं. बारा वर्षं मी हे लपवून ठेवलंय.

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "मीही ऐकलं होतं, सिस्टर. मी तर उशाशीच होतो. म्हटलं, तुम्ही बघाल."

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांच्या तोंडचं तिखट एकाएकी कुठं गेलं कळलं नाही. म्हणाले, "मी दारात होतो. त्यांचा आवाज काय लहान आहे का? मला वाटलं, काही तसं असतं तर सिस्टर बोलल्या असत्या."

आम्ही तिघं एकमेकांकडं बघत राहिलो. तिघांनी ऐकलं होतं, तिघांनी दुसऱ्यावर सोपवलं होतं, आणि तिघांनी आपापल्या घरी नेऊन ते बारा वर्षं जपून ठेवलं होतं. मला एकदम रडूही आलं आणि हलकंही वाटलं. अधिकारी पेन हातात धरून बसले होते. मी मावशींकडं वळले आणि म्हटलं, मावशी, माझं चुकलं. तुम्ही कधी बोलला कशा नाहीत?

मावशींनी अधिकाऱ्यांपुढं कप ठेवला. पदराला हात पुसला.

"कशाला बोलायचं, बाई? समद्यांनी ऐकलंय ते मला तवाच कळलं हुतं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर दुसऱ्यांदा बोललो न्हाई. हात लावला."